कानगोष्टी : माइकला फ्रिजही ऐकू येतो

घरच्या घरी रेकॉर्डिंग या विषयावर प्रश्न पाठवा, असं मागच्या अंकात लिहिलं आणि पत्रांचा ढीग पडला. निम्म्याहून अधिक पत्रांत एकच प्रश्न निरनिराळे कपडे घालून आलाय : पैसे थोडे आहेत, काय घेऊ? त्यातलं सगळ्यात सविस्तर पत्र आधी घेते.

प्रश्न : ताई, मी गिटार वाजवत गाते. स्वतःची चार गाणी तयार आहेत. घरात पाच-सहा वर्षांचा विंडोजचा लॅपटॉप आहे. आय-फाइव्ह प्रोसेसर, आठ जीबी रॅम आणि जुनी, फिरणारी हार्ड डिस्क. मित्र म्हणतात, यावर रेकॉर्डिंग होणंच शक्य नाही, गेमिंगचा लॅपटॉप घे. तो घेतला तर माइकला काहीच उरत नाही. काय करू?
(कॉलेजच्या शेवटच्या वर्षातली एक वाचक)

उत्तर : नवा लॅपटॉप घेऊ नकोस. मित्रांना माझं नाव सांग, भांडायचं तर माझ्याशी भांडू देत.

रेकॉर्डिंग करताना कॉम्प्युटरला काम तरी किती पडतं ते बघ. २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने (सॅम्पल) घेत आणि प्रत्येक नमुना २४ बिटांत लिहीत, एक माइक रेकॉर्ड केलास, तर सेकंदाला १,४४,००० बाइट लिहायचे असतात. मिनिटाला साडेआठ एमबीच्या जरा वर. तू एक गिटार आणि एक गळा घेणार, म्हणजे याच्या दुप्पट. एवढ्याने तुझ्या लॅपटॉपला घामसुद्धा येणार नाही. तो दमतो नंतर. प्रत्येक ट्रॅकवर रिव्हर्ब, कॉम्प्रेसर, गिटार अँपची नक्कल असे प्लग-इन (आवाजावर संस्कार करणारे छोटे प्रोग्रॅम) चढवत गेलीस की, किंवा खऱ्या वाद्याच्या रेकॉर्ड केलेल्या स्वरांवर चालणारा पियानो, व्हायोलिनांचा ताफा वगैरे सॉफ्टवेअर वाद्यं उघडलीस की. त्यावरही तोड आहे. बहुतेक रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये 'फ्रीझ' नावाची सोय असते. ट्रॅक प्लग-इनसकट तात्पुरता साध्या ऑडिओत बदलून ठेवला जातो आणि प्रोसेसरवरचा भार उतरतो. मन बदललं की पुन्हा 'अनफ्रीझ'.

तुझ्या लॅपटॉपचं खरं दुखणं ती फिरणारी हार्ड डिस्क आहे. ती काढून एसएसडी, म्हणजे काहीही न फिरणारी डिस्क, बसव. मशीन चटपटीत होईल आणि रेकॉर्डिंग चालू असताना डिस्कची घरघरही थांबेल. रॅम सोळा जीबी करता आली तर उत्तम, पण काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डाग देऊन पक्की केलेली असते, म्हणून आधी मॉडेल बघून खात्री कर. रेकॉर्डिंगच्या वेळी वायफाय बंद, ब्राउझर बंद, पॉवर सेटिंग 'हाय परफॉर्मन्स'वर. झालं लॅपटॉपचं.

आता पैशाचं. रक्कम कितीही असो, तिचे दहा भाग कर. तीन इंटरफेसला (माइक-गिटारचा आवाज कॉम्प्युटरपर्यंत पोचवणारं उपकरण), तीन माइकला, दोन हेडफोनला, एक एसएसडीला. उरलेला एक स्टँड, केबल आणि पॉप फिल्टरला (तोंडाची फुंकर अडवणारी जाळी). हा शेवटचा भाग सगळे विसरतात आणि मग महागाचा माइक पुस्तकांच्या चवडीवर उभा करतात. डळमळणारा स्टँड एकदा आडवा झाला की माइकमध्ये वाचवलेले पैसे तिथेच संपले.

इंटरफेस घेताना डब्यावर चार गोष्टी शोध : दोन इनपुट (गिटार आणि आवाज एका वेळी पण वेगळ्या ट्रॅकवर घेता यावेत म्हणून), ४८ व्होल्टची फँटम पॉवर (कंडेन्सर जातीच्या माइकना केबलमधून लागणारी वीज), गिटार थेट जोडण्यासाठी 'इन्स्ट्रुमेंट' किंवा 'हाय-झी' लिहिलेलं बटण, आणि 'डायरेक्ट मॉनिटर' (स्वतःचा आवाज कॉम्प्युटरमधून न फिरता थेट कानात देणारी सोय). तू विंडोजवर आहेस, तेव्हा पाचवी गोष्ट : कंपनीने त्या मॉडेलसाठी स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (विंडोजवर आवाज कमी उशिरात ने-आण करणारं सॉफ्टवेअर) दिलेला असावा. मॅकवाल्यांना ही काळजी नाही, तेच काम करणारा कोअर ऑडिओ मॅकमध्ये मुळातच असतो. फोकसराइट स्कार्लेट टू-आय-टू, ऑडिएंट ईव्हो फोर, मोटू एम-टू, बेरिंगर यूएमसी २०२ एचडी ही याच वर्गातली नावं. यातलं कोणतं चांगलं यावर लोक रात्र-रात्र वाद घालतात. तुझ्या पहिल्या वर्षातल्या गाण्यांत तो फरक कुणालाही ऐकू येणार नाही, मलाही नाही. जे पदरात बसेल ते घे.

हेडफोन बंद कपांचे हवेत, कानाभोवती बसणारे. उघड्या कपांच्या हेडफोनमधून संगीत बाहेर पाझरतं आणि गाताना माइक तेही उचलतो. सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ पासून स्टुडिओंमध्ये दिसतो, दिसायला ओबडधोबड आणि कामाला वाघ. तो आवाक्याबाहेर असेल तर ऑडिओ-टेक्निकाचा एम-ट्वेंटी-एक्स किंवा एम-फॉर्टी-एक्स बघ. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो घ्यायचा ठरवलास तर डब्यावरचे ओहम (विजेला होणारा विरोध) वाच. तो ३२, ८० आणि २५० ओहममध्ये मिळतो, आणि २५०चा छोट्या इंटरफेसवर अगदी हळू वाजतो. लोक तो घेतात आणि इंटरफेस खराब आहे म्हणून परत करतात. मॉनिटर स्पीकर (मिक्सिंगसाठी, म्हणजे सगळे ट्रॅक जुळवताना ऐकायचे) या वर्षी नकोत. लहान खोलीत खर्ज कुठे फुगतो, कुठे गायब होतो. त्या खोलीत ऐकून केलेलं मिक्सिंग बाहेर उघडं पडतं.

सॉफ्टवेअरला आत्ता काही देऊ नकोस. रीपर साठ दिवस पूर्ण स्वरूपात वापरून बघता येतं आणि जुन्या मशीनवरही हलकं चालतं.

माइकबद्दल मुद्दाम शेवटी लिहितेय, कारण माझे पैसे तिथे बुडालेत. डबिंग स्टुडिओत माझी बरीच वर्षं गेली. तिथल्या बूथमध्ये कंडेन्सर, म्हणजे बारीकसारीक आवाजही टिपणाऱ्या, माइकसमोर कुणीही उभं राहिलं तरी ऐकणारा मान डोलावतो. घरी स्वतःचं काहीतरी करावं म्हणून मी एका बंद पडलेल्या स्टुडिओतून तसाच एक कंडेन्सर उचलला. पहिल्याच संध्याकाळी एक कविता वाचून रेकॉर्ड केली. वाचताना सगळं छान वाटलं. ऐकायला बसले, तर दुसऱ्या कडव्याला शेजारच्या खोलीतला फ्रिज सुरू झालेला आणि शेवटच्या ओळीला बंद पडलेला. तो चालू असताना मला त्याचा पत्ताही नव्हता. बंद पडल्यावर जी शांतता पसरली, तिच्यामुळे कळलं की एवढा वेळ काहीतरी गुणगुणत होतं. आपला कान सतत चालणारा आवाज गाळून टाकतो, माइक काहीच गाळत नाही. फ्रिज बंद करून पुन्हा वाचलं, तर आता फरशी आणि उघड्या भिंती बोलायला लागल्या. माझाच आवाज, पण एखाद्या रिकाम्या टाकीत उतरून वाचल्यासारखा.

शेवटी कपड्यांचं कपाट सताड उघडलं, माइकची पाठ कपड्यांकडे केली, माझ्या मागे स्टँडवर जाड रजई टांगली आणि माइकपासून वीतभर अंतरावर वाचलं. माइक तोच, बाई तीच, आवाज मात्र ऐकवण्याजोगा. तरी तो कंडेन्सर मी पुढे अर्ध्या किमतीला विकला, कारण रस्त्यावरच्या आवाजाचं काय करणार?

म्हणून काहीही विकत घेण्याआधी या आठवड्यात फुकटातली दोन कामं कर. घरातल्या प्रत्येक खोलीत उभी राहून एकदा जोरात टाळी वाजव. टाळीला 'झिंग' अशी शेपटी आली तर ती खोली सोड. जिथे टाळी कोरडी आणि बुटकी ऐकू येते, बहुधा गाद्या, पडदे आणि पुस्तकं असलेली खोली, तिथे फोनवर एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड कर आणि ती हेडफोनवर आवाज वाढवून ऐक. त्या मिनिटात पंखा, लिफ्ट, रहदारी ऐकू आली तर डायनॅमिक, म्हणजे जवळचा जोरकस आवाज टिपणारा, माइक घे. खरंच काही ऐकू आलं नाही, तर कंडेन्सर घे आणि मला तुझा हेवा वाटतो असं समज.

प्रश्न : नमस्कार मॅडम. निवृत्त शिक्षक आहे. लहान मुलांसाठी गोष्टी वाचून त्यांची ध्वनिफीत करायची आहे. घर रस्त्याला लागून आहे. कंडेन्सर माइक 'व्यावसायिक' असतो असं ऐकलं. यूएसबी माइक घेतला तर हसं होईल का? तंत्राची गोडी नाही, सुटसुटीत सांगा.

उत्तर : सर, हसं होणार नाही.

व्यावसायिक हा शब्द डब्यावर छापायला पैसे पडत नाहीत. कंडेन्सर माइकचा पडदा अतिशय पातळ असतो, त्यामुळे तो बारीकसारीक तपशील टिपतो आणि त्या तपशिलात तुमच्या दारावरून गेलेली मोटारसायकलही येते. डायनॅमिक माइकमध्ये पडद्याला तारेचं वेटोळं चिकटलेलं असतं, ते चुंबकाच्या क्षेत्रात हलतं आणि त्यातून वीज निर्माण होते. हा जड संसार हलवायला जवळचा, जोरकस आवाज लागतो. शुअर कंपनीचा एसएम ५८ हा असाच माइक, १९६६ पासून विकला जातोय आणि गोंगाटात गाणाऱ्यांच्या हातात तोच दिसतो.

थोडा खुलासा करायला हवा, नाहीतर एखादा माहीतगार वाचक माझी शाळा घेईल. डायनॅमिक माइक काही रस्त्याचा आवाज ओळखून अडवत नाही. खरी किमया अंतराची आहे. तोंड आणि माइक यांतलं अंतर निम्मं केलं की तुमचा आवाज ६ डेसिबलने वाढतो. रस्ता दूरच असल्यामुळे तो होता तेवढाच राहतो. ४० सेंटिमीटरवरून १० सेंटिमीटरवर आलात की १२ डेसिबलचा फायदा पदरात. डायनॅमिक माइक इतक्या जवळून बोलण्यासाठीच घडवलेले असतात. जवळून वाचताना आवाजाला थोडा खर्ज चढतो, तो गोष्टी सांगणाऱ्याला शोभतो. प, फ, ब, भ ही अक्षरं मात्र माइकवर फुंकर मारतात. पॉप फिल्टर लावा आणि माइक तोंडासमोर सरळ न धरता ओठांच्या कोपऱ्याकडे थोडा तिरका ठेवा.

तुमच्यासाठी सॅमसन क्यू-टू-यू किंवा ऑडिओ-टेक्निका एटीआर २१००-एक्स. दोन्ही डायनॅमिक, आणि दोन्हींना यूएसबी व एक्सएलआर (इंटरफेसला जोडायचं तीन टाचण्यांचं) अशी दोन तोंडं आहेत. आज सरळ कॉम्प्युटरला जोडा. उद्या इंटरफेस घ्यावासा वाटला तर माइक तोच राहील. हेडफोन माइकलाच जोडायची सोय आहे. एका आवाजासाठी ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर भरपूर झालं. माइकची पातळी अशी ठेवा की सर्वांत चढा आवाज सॉफ्टवेअरच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास जाईल. शून्याला टेकला की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. राक्षसाचे संवाद आधी म्हणून बघा, पातळी त्यांच्यावर ठरवा.

प्रश्न : गाताना माझाच आवाज मला हेडफोनमध्ये उशिरा ऐकू येतो, ताल सुटतो. हेडफोन ब्लूटूथचे आणि महागाचे आहेत. कॉम्प्युटर बदलावा लागेल का?

उत्तर : हेडफोन बदला. तार असलेले घ्या, स्वस्तातले चालतील. ब्लूटूथमध्ये आवाज आधी दाबून बांधला जातो, हवेतून पाठवला जातो आणि पलीकडे पुन्हा सोडवला जातो. यात सेकंदाचा दहावा-पाचवा भाग सहज जातो. गाणी ऐकताना कळत नाही, गाताना जीव नकोसा होतो.

तारेचे हेडफोन लावूनही उशीर उरला तर तो बफरचा. कॉम्प्युटर आवाज थेंबाथेंबाने न घेता वाटीवाटीने घेतो, त्या वाटीचं नाव बफर. ४८ किलोहर्ट्झला २५६ सॅम्पलची वाटी भरायला ५.३ मिलिसेकंद लागतात, १०२४ची भरायला २१. आत येताना एक वाटी आणि बाहेर जाताना एक, शिवाय इंटरफेसचा स्वतःचा थोडा वेळ. आवाज हवेतून मिलिसेकंदाला सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, तेव्हा १० मिलिसेकंद म्हणजे तीन-साडेतीन मीटरवर ठेवलेला अँप. गिटारवाल्याला ते सवयीचं असतं. गाणाऱ्याला मात्र स्वतःचा आवाज हाडांतून आधीच पोचलेला असतो, म्हणून त्याला कमी उशीरही खुपतो. रेकॉर्डिंगच्या वेळी बफर १२८ किंवा २५६, मिक्सिंगला १०२४. १२८ला टकटक, चरचर ऐकू आली तर एक पायरी वर जा.

आणि इंटरफेसवर 'डायरेक्ट मॉनिटर' असेल तर ते दाबा, सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद करा. मग तुमचा आवाज कॉम्प्युटरला वळसा घालून थेट कानात येतो. ते बटण इंटरफेसवर पहिल्या दिवसापासून असतं आणि लोक वर्षभराने शोधतात.

प्रश्न : अंड्यांचे रिकामे ट्रे भिंतीला लावले तर खोली साउंडप्रूफ होते ना?

उत्तर : नाही. बाहेरचा आवाज अडवायला वजन लागतं, पुठ्ठ्याला वजन नसतं. आतला घुमारा कमी करायला जाडी लागते. १०० हर्ट्झची लाट ३.४ मीटर लांब असते, तिच्यासमोर दोन-तीन सेंटिमीटरचा पुठ्ठा किंवा स्वस्त फोम म्हणजे लोंढ्यापुढे रुमाल. पातळ फोमने फक्त वरचे स्वर शोषले जातात, खालचा घुमारा तसाच राहतो आणि खोली कोंदट वाटते. रजई, गादी, कपड्यांनी भरलेलं कपाट. फुकट आहेत, जाड आहेत.

प्रश्न : १९२ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड केलं तर दर्जा वाढेल का?

उत्तर : फाइल चौपट होईल. माणसाचा कान फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो आणि तेवढ्यासाठी ४४.१ किंवा ४८ पुरतात. २४ बिट मात्र जरूर ठेवा. १६ बिटमध्ये सर्वांत हळू ते सर्वांत मोठा हे अंतर ९६ डेसिबल बसतं, २४ बिटमध्ये कागदोपत्री १४४. त्यामुळे पातळी खाली ठेवून निर्धास्त गाता येतं.

प्रश्न : माझ्याकडे कॉम्प्युटरच नाही. जुना, ऑफिसातून निघालेला डेस्कटॉप मिळतोय. घ्यावा का? पुढे कीबोर्ड जोडून सॉफ्टवेअर वाद्यं वाजवायची आहेत.

उत्तर : घ्यावा. कमी पैशात जास्त ताकद हवी असेल तर मी लॅपटॉपपेक्षा डेस्कटॉपच सुचवते. रॅम, डिस्क, पंखा सगळं स्वतः बदलता येतं, आणि लांब केबल टाकली की डबा टेबलाखाली, माइकपासून दूर ढकलता येतो. लॅपटॉपचा पंखा नेमका नाकासमोर असतो.

फक्त प्रोसेसरची पिढी तपासा. विंडोज १०चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ अधिकृतपणे चालवायचं तर इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, एएमडीत रायझन २००० मालिकेपासून पुढचा. आय-सेव्हन या नावावर भाळू नका. चौथ्या पिढीचा आय-सेव्हन विकणारे तो आकडा मोठ्या अक्षरात लिहितात आणि पिढी लिहीतच नाहीत. आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, १६ जीबी रॅम, ५१२ जीबीची एसएसडी एवढ्यात तुमचा कीबोर्ड आनंदाने वाजेल. ग्राफिक्स कार्डासाठी जादा पैसे देऊ नका, रेकॉर्डिंगला त्याचा उपयोग नाही आणि त्याचे पंखे कर्कश असतात.

कीबोर्डबद्दल : मिडी हे वाद्यांनी एकमेकांशी बोलायचं मानक १९८३ चं आहे आणि आजही चालतं. त्या केबलमधून आवाज जात नाही. कोणती पट्टी, किती जोरात, केव्हा दाबली आणि केव्हा सोडली एवढाच निरोप जातो. त्यामुळे माळ्यावर पडलेला, स्पीकर फाटलेला जुना कीबोर्डही मिडी आउट असेल तर कामाचा. मागे पाच टाचण्यांचं गोल तोंड दिसतंय का बघा. दिसलं तर मिडीचं इनपुट असलेला इंटरफेस घ्या किंवा मिडी-यूएसबीची तार. नवा घेऊ नका.

प्रश्न : लॅपटॉपचा चार्जर लावला की रेकॉर्डिंगमध्ये 'हूं' असा आवाज येतो. काढला की थांबतो. इंटरफेस बिघडलाय?

उत्तर : इंटरफेस बहुधा ठणठणीत आहे. चार्जरमधून आणि दुसऱ्या एखाद्या जोडलेल्या उपकरणातून (अँप, स्पीकर, कीबोर्ड) अर्थिंगचे दोन वेगळे रस्ते तयार झाले की त्या वेढ्यातून वीज फिरते आणि ती गुणगुण म्हणून ऐकू येते. सगळी उपकरणं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावून बघा. काही वेळा तेवढ्यानेच थांबतं. गिटार जोडलेली असेल तर लॅपटॉपपासून दोन हात दूर बसा आणि जागेवरच हळूहळू गोल फिरा. एका दिशेला गुणगुण सर्वांत कमी होईल, तिथे खुर्ची ठेवा. गिटारचे पिकअप (तारांची कंपनं टिपणारी चुंबकं) आजूबाजूच्या वायरिंगचंही ऐकत असतात. माइकची केबल एक्सएलआर असू द्या. तिच्यात तोच आवाज सुलट आणि उलट असा दोन तारांतून जातो, वाटेत घुसलेली खरखर दोन्ही तारांत सारखीच असते, आणि पलीकडे वजाबाकी होऊन ती जाते.

तीन पायांच्या प्लगचा अर्थिंगचा पाय तोडून गुणगुण घालवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, त्यात शॉक बसून जीव जाऊ शकतो. काहीच जमलं नाही तर लॅपटॉप पूर्ण चार्ज करा, चार्जर काढा आणि बॅटरीवर गा. मी आजही तसंच करते. बॅटरी दीड तास टिकते, गळा त्याच्या आधीच थकतो.